रोजचं अडीच

वीणाताईंचे गुडघे पन्नाशीतच गेले. मागोमाग बोटं वाकडी झाली. बनशंकरीच्या भाड्याच्या घराचा जिना उतरताना त्या कठड्याला धरून थांबत, आणि खाली उभे असलेले दामोदर रस्त्याकडे तोंड करून राहत. बायकोचे हाल त्यांना बघवत नसत आणि तसं बोलूनही दाखवता येत नसे. नाशिकहून सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून ते बंगळूरला आले आणि इथलेच झाले. माणूस अबोल, पण हातातलं काम अर्धवट सोडणारा नव्हे.

पाण्यात चालल्यानं सांधे मोकळे होतील, असं डॉक्टर म्हणाले. क्लबच्या तलावात जाऊन पाहिलं तर वीणाताईंच्या अंगावर पुरळ उठलं. मग निवृत्त झाल्यावर दामोदरांनी देवनहळ्ळीला, द्राक्षाचे मळे मोडून प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये घर बांधलं आणि मागच्या अंगणात छोटा तलाव करून घेतला. मिठाच्या पाण्याचा.

मिठाचं पाणी म्हणजे त्यात क्लोरीन नसतंच, असं शेजाऱ्यांना वाटे. दामोदर समजावून सांगत, "क्लोरीन असतंच. मिठाचं पाणी या सेलमधून जातं, सेलला वीज असते, आणि मिठातूनच क्लोरीन होतं. जरा जरा, सतत. म्हणून अंगाला झोंबत नाही. पण मोजत राहावं लागतं. कमी पडलं तर पाणी कुजतं, जास्त झालं तर कातडी जाळतं."

रोज सकाळी ते काचेच्या नळीत पाणी घेत, थेंब टाकत आणि पिवळा रंग डब्यावरच्या पट्टीशी ताडून बघत. "अडीच," ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून सांगत. म्हणजे वीणाताईंनी पाण्यात उतरायला हरकत नाही. त्या दांड्याला धरून पाण्यात चालत, आणि कितीतरी वर्षांनी पाय आपलेच असल्यासारखे वाटत. ती वर्षं चांगली गेली.

मग एका उन्हाळ्यात पाण्याची चमक गेली. पायऱ्या बुळबुळीत लागू लागल्या. वीणाताईंचे डोळे चुरचुरत, पाण्याला उग्र वास येई. दामोदरांचा आकडा मात्र रोज तोच. अडीच.

एकदा त्या खिडकीतून नीट बघत राहिल्या. दामोदरांनी नळीत पाणी घेतलं, बाटली उघडली, थेंब न टाकताच बंद केली. नुसत्या पाण्याची नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "अडीच."

"अहो, थेंब टाकलेत का?"

"मला शिकवतेस?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तो ओळखीचाही नव्हता. त्याच आठवड्यात ते पेठेतून परत येताना घराची गल्ली चुकले. रिक्षावाल्यानं आणून सोडलं.

मुलगा सुहास व्हाइटफील्डला राहायचा, आयटीत होता. त्याला सांगितलं असतं तर तो त्याच रविवारी गाडी घेऊन आला असता आणि दोघांना आपल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन गेला असता. मग तलाव नाही, चालणं नाही, आणि दामोदरांना दिवसभर करायला काही नाही. वीणाताईंनी सांगितलं नाही. फोनवर त्या म्हणत, "बाबा मजेत आहेत. तलावाचं बघतात ना."

त्यांनी दुसराच मार्ग काढला. दामोदर आंघोळीला गेले की त्या काठी टेकत मागे जात आणि पाणी स्वतः मोजत. कमी असलं की सेलच्या पेटीवरचं बटण वाढवत. हळूहळू आकडा जागेवर आला. दामोदर सकाळी नुसत्या पाण्याची नळी धरून अडीच म्हणत आणि ते खरंच अडीच असे. या चोरट्या कामाचा त्यांना थोडा अभिमानही वाटू लागला. नवऱ्याचा शब्द त्या खरा करत होत्या.

बोअरचं पाणी जड. सेलच्या पट्ट्यांवर पांढरी पुटं चढली आणि सेल क्लोरीन करीना. पट्ट्या ॲसिडनं धुवाव्या लागतात. ते काम दामोदरांचं, आणि वीणाताईंच्या बोटांना सेलचं झाकणही उघडत नव्हतं. तेव्हा त्या क्लोरीनची पावडर बादलीत कालवून संध्याकाळी पाण्यात ओतू लागल्या. पंपाच्या खोलीत दोन बादल्या होत्या. निळी पावडरीची, लाल ॲसिडची. एकीची वस्तू दुसरीत घालायची नाही, विषारी वायू होतो, असं दामोदरांनी घर झालं तेव्हा सगळ्यांना बजावलं होतं. निळी मोठी होती, भरली की वीणाताईंना उचलत नसे. त्या लाल घेत. वापरून झाली की धुऊन ठेवत.

एका संध्याकाळी पावडर कालवताना सुहासचा फोन आला. त्याची बायको रम्या बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती. फोनवर बराच वेळ गेला, मग दामोदर जेवायला बसले. लाल बादली तळाशी पावडरीचा ओला गोळा घेऊन खोलीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामोदरांना पट्ट्या धुवायच्या आठवल्या. कितीतरी महिन्यांनी आठवल्या. त्यांनी ॲसिडचा कॅन घेतला आणि लाल बादलीत ओतला. बादलीतून पिवळसर धूर उठला. त्यांनी बादली तशीच सोडली आणि बाहेर येऊन मागच्या कढीपत्त्याच्या झाडापाशी खोकत उभे राहिले.

घरकामाला येणाऱ्या सगुणाबाई तेव्हा ओटा पुसत होत्या. देवनहळ्ळीच्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातल्या. वीणाताईंना अक्का म्हणत, दामोदरांना अण्णा. वास आला तशा त्या मागच्या दारात गेल्या. पंपाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं, आतून धूर, अण्णांचा पत्ता नाही.

"अक्का, अण्णा आत हाईत," त्या ओरडल्या आणि तोंडाला पदर लावून आत शिरल्या.

वीणाताई खुर्चीतून उठेपर्यंत, काठी सापडेपर्यंत, दारापर्यंत पोचेपर्यंत सगुणाबाई त्या छोट्या खोलीत वाकून, हातांनी चाचपत, आत नसलेल्या माणसाला शोधत होत्या. वीणाताईंनी हाका मारल्या. दामोदर झाडामागून पुढे आले आणि म्हणाले, "कोण आहे आत?" सगुणाबाई रांगतच उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच पडल्या.

हॉस्पिटलात दुपारपर्यंत त्या बोलत होत्या. संध्याकाळी फुप्फुसांत पाणी भरलं. त्या वाचल्या, पण कित्येक आठवडे तिथंच राहून घरी गेल्या त्या धाप घेऊनच. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आता अशीच राहतील.

सुहास हॉस्पिटलच्या बाकावर आईशेजारी बसला होता. "बाबांनी पावडर लाल बादलीत टाकली असणार," तो म्हणाला. "आई, हे केव्हापासून चाललंय? तुला कळलं नाही?"

वीणाताई म्हणाल्या, "नाही."

त्या एका शब्दानं बादलीचा दोषही दामोदरांवरच राहिला. दामोदर समोर बसून भिंतीवरचा कन्नड फलक अक्षर जुळवून वाचत होते. त्यांच्या माथी काय आलं हे त्यांना समजलं नाही, आणि पुढेही कुणी समजावलं नाही. महिन्याभरात दोघं व्हाइटफील्डला गेली. तलाव उपसून मातीनं भरला.

सगुणाबाईंना भेटायला वीणाताई गेल्या तेव्हा त्यांची लेक भूमिका दारात आली. देवनहळ्ळीच्या किल्ल्यामागे दोन खोल्यांचं घर. सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत होतं.

"स्वल्प जवळ बसा, अक्का. मोठ्यानं बोलता येत नाही."

वीणाताईंनी सगळं सांगितलं. थेंब न टाकलेली नळी, बटण, पावडर, लाल बादली, सुहासला दिलेलं उत्तर. सांगताना त्या रडल्या नाहीत. रडलं तर सगुणाबाईंना समजूत घालावी लागेल, हे त्यांना ठाऊक होतं.

बाहेर भूमिका भांडी घासत होती.

"अण्णांचं डोकं ठिकाणावर नाही, हे मला सांगायचं होतं तुम्ही," सगुणाबाई म्हणाल्या. थांबल्या, श्वास घेतला. "मी आधी झाडाखाली बघितलं असतं. तिथंच फिरतेत ते."

"हो," वीणाताई म्हणाल्या.

"सरी, बरं. आता निघा. मला पडायचंय."

त्या संध्याकाळी वीणाताईंनी सुहासला खरं सांगितलं. तो उठून गॅलरीत गेला. तेव्हापासून तो आईशी कामापुरतं बोलतो. वीणाताईंचे पाय पुन्हा आखडले आहेत. तरी अधूनमधून टॅक्सी करून त्या देवनहळ्ळीला जातात. भूमिका कधी दार उघडते. कधी, आई झोपली आहे, असं खिडकीतूनच सांगते, आणि वीणाताई थोडा वेळ पायरीवर बसून परत फिरतात.