दोन मागितल्या, सहा दिसल्या

फरीदाबादच्या एका खासगी रुग्णालयाचा डेटा साठवणारं स्टोरेज आमची कंपनी सांभाळते. कपाटाएवढं यंत्र, आत दोन कंट्रोलर, म्हणजे त्याचे दोन मेंदू. प्रत्येक व्हर्च्युअल डिस्कची मालकी त्यांतल्या एकाकडे असते. कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दिसावी, हे मॅपिंग आम्ही ठरवतो. ज्याला डिस्क दिसते तो तिच्यावर लिहू शकतो. पुसूही शकतो.

त्या सकाळी पहिल्या कंट्रोलरवर फार भार आला होता, म्हणून स्कॅनच्या डिस्कची मालकी मी दुसऱ्याकडे सोपवत होते. रुग्णांचे सगळे सीटी, एमआरआय त्या एकाच डिस्कवर. ते काम अर्ध्यावर असताना आमच्या गुरुग्रामच्या दुसऱ्या ऑफिसातून सहकाऱ्याचा फोन आला. दिल्लीतच वाढलेला मराठी, मला ताई म्हणतो.

"ताई, बिलिंगचा नवा सर्व्हर चालू केला. डिस्क दोन मागितल्या होत्या, दिसतायत सहा. इतकी दिलदार कधी झालीस?"

 "सर्व्हर काय विचारतोय स्क्रीनवर?"

"सगळ्या कोऱ्या आहेत म्हणतोय. तयार करू का विचारतोय."

कोऱ्या कुठल्या! स्कॅनचा सर्व्हर लिनक्सवर, हा विंडोजवर. त्याला परकी डिस्क कोरीच वाटते, आणि 'तयार' केली की आतलं सगळं पुसलं जातं.

"माऊस सोड. कशावर ओके दाबलंस का?"

तो म्हणाला, "एकावर दाबलं, यार. नंबर बघतो, थांब."

आदल्या दिवशी आमच्या टीमच्या सरांनी नवा सर्व्हर जुन्या सर्व्हरांच्याच ग्रुपमध्ये टाकला होता. त्या ग्रुपच्या सगळ्या डिस्क त्यालाही दिसू लागल्या. आमच्याकडची ही जुनी सवय: आत्ता टाका, नंतर काढू. स्वतंत्र नोंद करू या, असं मी म्हटलं, तर सर म्हणाले, "हर बात पे मोर्चा मत निकाल."

"पाच नंबर," सहकारी म्हणाला.

पाच आणि सहा बिलिंगच्याच नव्या होत्या. स्कॅनची डिस्क वाचली होती, पण जुन्या चारांचं मॅपिंग काढता येईना. मालकी बदलत असताना यंत्र दुसरी आज्ञा घेत नाही. मी फोन कानाला धरून बसले, "हात लावू नकोस" म्हणत. "हात खिशात आहेत, ताई," तो म्हणाला. हसू आलं नाही.

अखेर मॅपिंग निघालं. रुग्णालयातल्या तंत्रज्ञाला एक स्कॅन उघडायला सांगितला. उघडला.

"कुछ हुआ क्या? नहीं ना? तो चलो," सर म्हणाले.

माझे बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. ज्याचं नुकसान होऊ शकलं असतं त्याला सांगायचं, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. मी रुग्णालयाला मेल लिहायला घेतला: तुमची स्कॅनची डिस्क कालपासून आमच्या चुकीने दुसऱ्या सर्व्हरला दिसत होती. सर मागे उभे. "नौकरी प्यारी है कि नहीं?" प्यारी होती. घरभाडं माझ्याच पगारातून जातं. तरी पाठवला.

थोड्याच वेळात उत्तर आलं. रागाचा शब्द नव्हता, फक्त प्रश्न होता: सगळे स्कॅन नीट आहेत, हे तपासलंत का?

आम्ही एकच उघडला होता.

सरांनी तो प्रश्न माझ्या खांद्यावरून वाचला. खुर्ची ओढून शेजारी बसले. मी तंत्रज्ञाला पुन्हा फोन लावला आणि दुसरा स्कॅन उघडायला सांगितला.