तिसऱ्या पाळीची झोप

आमच्या ह्यांना थर्ड शिफ्ट लागली की त्या आठवड्यात माझ्या घरात कुकरची शिट्टी होत नसे. डाळ पातेल्यात शिजायची, मिक्सर कपाटात जायचा आणि दाराची बेल मी बंद करून ठेवायचे. सकाळी हे अंबडच्या कंपनीतून यायचे, दोन घास खायचे, खिडकीला जाड चादर लावून आडवे व्हायचे. मी दाराबाहेर पायरीवर भाजी निवडत बसायचे. राखणच ती! जिन्यात कुणाचं पोर धावलं की मी डोळे वटारायचे. भंगारवाला आमच्या गल्लीत शिरला की वरूनच हात जोडायचे, "बाबा रे, पुढं जाऊन ओरड." बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "बसली बघा हवालदारीण." म्हणेनात का! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी भोगलं होतं ना. हे प्रेस शॉपमध्ये कामाला, म्हणजे जिथे मोठाल्या मशीनी पत्र्यावर आपटून पार्ट कापतात तिथे. धाड धाड, रात्रभर. घरी आल्यावर झोप झाली नाही की पित्त, डोकेदुखी, जेवणावर वासना नाही, आणि बोलायला जावं तर अंगावर येणार. एकदा शेजाऱ्यांच्या ड्रिलने जाग आली तर भरलं ताट ढकलून दिलं होतं. असा माणूस नव्हता हो हा. डॉक्टर म्हणाले, झोप पुरी करा. अहो डॉक्टर, झोप काय मेडिकलमध्ये मिळते?

शेवटी माझ्या आईने सिन्नरहून काशाची वाटी आणून दिली. "तूप लाव अन् तळपाय घास. पार काळं निघंस्तोवर घास. उष्णता उतरती, मग बघ कसा झोपतो." मी घासायला लागले. आणि खरंच, दिवाळीनंतर हे असे झोपायला लागले की विचारू नका. उजव्या कुशीवर जे पडायचे ते संध्याकाळीच उठायचे. मी तर हवेतच होते. ज्या ज्या घरात रात्रपाळी, त्या त्या घरात माझी वाटी फिरून आली. खालच्या मजल्यावरची तर हट्टाने घेऊन गेली. तिचा नवरा ह्यांच्याच शॉपमध्ये, ह्यांच्याच पाळीत. ह्यांच्याच शब्दावर लागलेला. दोघं एकाच मोटरसायकलवर जायचे-यायचे. ती मला ताई म्हणते, तो ह्यांना भाऊ.

मग त्या दुपारी स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी खिळ्यांसकट खाली आली. स्टीलची ताटं, वाट्या, पिंप, सगळं फरशीवर. समोरच्या काकू धावत आल्या, "अगं बाई, सिलिंडर फुटला का काय!" माझ्या मनात एकच आलं, मेले, झोप मोडली ह्यांची. तशीच आतल्या खोलीत पळाले.

हे झोपलेले. श्वास संथ.

आधी मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग माझे पाय तिथेच थबकले. मी पाठीमागून म्हटलं, "अहो." मग मोठ्याने, "अहो!" मग जीव खाऊन ओरडले, "अहो, घर पेटलं!" दारातल्या काकू दचकल्या. हे हलले नाहीत. उजवा कान उशीत होता आणि डावा माझ्याकडे. मी नुसतं बोट टेकवलं खांद्याला, तर ताडकन उठून बसले. "काय झालं?"

काकूंना वाटेला लावलं आणि चहा पुढे ठेवून सरळ विचारलं. "डाव्या कानाने ऐकू येतं का तुम्हाला?"

ह्यांनी कप उचलला. "कमी येतं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष-दीड वर्ष. उजवा आहे ना चांगला. कशाला बोभाटा?"

माझं डोकंच फिरलं. मी वर्षभर शिट्ट्या दाबतेय, लोकांच्या पोरांचे शाप घेतेय, आणि ह्या माणसाला ऐकूच येत नाही! "कानात घालायला बुचं देतात ना कंपनीत? ती काय देवाला वाहिलीत?"

"देतात. पण सेटरने ती घालायची कशी?" हे वैतागून म्हणाले, आणि मग समजावलं. पार्ट बदलला की मशीनमधला साचा बदलावा लागतो. हे पुढे बटणाशी उभे राहतात आणि खालच्या मजल्यावरचा तो मागून वाकून, हात आत घालून साचा बसवतो. मशीन एवढं अवाढव्य की एकमेकांना दिसत नाहीत. हे वरचा भाग जरा जरा खाली आणतात आणि तो मागून ओरडतो, "थांब!" आजूबाजूच्या मशीनी चालूच. त्यात कानात बुचं घातली तर त्याचा आवाज येणार कसा? म्हणून ह्यांनी ती खिशात ठेवली. त्याचे हात शाबूत राहावेत म्हणून स्वतःचे कान उघडे टाकले.

मला एकदम लख्ख दिसलं. "आणि आता? आता तो ओरडला तर येतं ऐकू?"

"येतं की. बहुतेक वेळा येतं."

बहुतेक वेळा! अरे देवा.

दोनच दिवसांनी कंपनीत कानांची तपासणी होती. तिचीही ह्यांना धास्ती नव्हती. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. काचेतून आवाज सोडणाऱ्या मशीनवालीचा हात दिसतो. तो हलला की आपण दाबायचं. "अर्धं शॉप असंच पास होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या पोराची मूठ?" मी ओरडलेच. "त्याचे दोन्ही हात तुमच्या कानाच्या भरवशावर आत असतात. उद्या काही झालं तर मी खाली कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मग काय करू? नापास झालो तर सेटिंगवरून काढतील. पॅकिंगला टाकतील, नाहीतर घरी बसवतील. या वयात मला कोण दारात उभं करणार आहे?"

तेही खोटं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही. मी म्हटलं, "तपासणीला डोळे मिटून बसा. जे येईल ते येऊ द्या. नाहीतर मी खाली जाऊन तिला सांगते."

"सांगून बघ," म्हणाले, आणि रात्री डबा घेऊन निघून गेले. मग घरात अबोला. दोघांची मोटरसायकल निघाली की माझा जीव टांगणीला लागायचा. परत आली की मी आधी गॅलरीतून त्याचे हात बघायचे. त्याने वर बघून हात केला की मगच मला श्वास यायचा.

तपासणीच्या दिवशी सकाळी हे पाळीवरून आले आणि आंघोळ करून परत गेले. दुपारी खालची वर आली. वाटी धुऊनपुसून आणली होती. चेहरा असा खुललेला.

"ताई, गुण आला बरं का! पोरीने काल जेवणाचा डबा आपटला, तरी आमचे हे ढिम्म हलले नाहीत. असे कधी झोपत नव्हते."

वाटी घ्यायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. विचारलं, "कधीपासून असं?"

"झाले दोन-तीन महिने. तुमचेच उपकार."

आता कसली वाट बघायची? मी दार लावलं, तिला खाली बसवलं, आणि सगळं सांगून टाकलं. मांडणीचं, कानाचं, बटणाचं, तिच्या नवऱ्याच्या हातांचं. ती आधी हसत होती. मग तिने पदर तोंडात धरला. "म्हणजे आमच्या ह्यांना पण...?"

जिन्यात बूट वाजले. दोघं वरच आले. हे आत येऊन भिंतीला टेकून बसले, तो दारातच उभा राहिला. तिचे डोळे बघून ह्यांना काय ते कळलं.

"मिटले डोळे," हे मला म्हणाले. "सुरुवातीला जाडे आवाज आले, घूंऽ घूंऽ. दाबलं बटण. मग बंद झालं. म्हटलं, मशीन अडकलं असेल, आता करतील सुरू. बसून राहिलो वाट बघत. मग कुणीतरी खांद्याला हात लावला. डोळे उघडले तर मशीनवाली मुलगी. म्हणाली, काका, झालं, दोन्ही कानांचं झालं." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "अगं, उजवा चांगला आहे म्हणत होतो ना मी. मला वाटलं, अजून सुरूच व्हायचंय."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

खालची उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "आणि तुम्ही?"

"मी?" तो हसला, बुटाची लेस सोडवत म्हणाला, "मी फर्स्ट क्लास पास. सोमवारपासून सेटिंगला भाऊंच्या जागी, बटणाशी मीच."