कुठले फ्रँकलिन?

मिस्टर फ्रँकलिन माणसाला आधी आडनाव विचारत, हवापाण्याचं नंतर. इंग्रज माणूस सहसा याच्या उलट करतो. त्यामुळे कार्डिफच्या त्या घरात आम्ही सामान उतरवत होतो, त्याच दिवशी मी सावध झालो. कुंपणापलीकडून एक उंच, जरासे वाकलेले म्हातारे गृहस्थ हातात झाडं कापायची कात्री घेऊन विचारत होते, "वडगावकर? हे कुठून आलं?" वडगाव नावाच्या गावावरून, असं मी सांगितलं. "अस्सं. आणि गावात घर कुठं होतं तुमचं?"

हातातलं खोकं मी खाली ठेवलं. हा प्रश्न मला पाठ आहे. मराठी माणूस आधी आडनाव विचारतो, त्यावरून जात कळली नाही तर गाव विचारतो, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर गावात घर कुठं ते. आमचं घर गावकुसाबाहेर होतं. जुनं आडनाव ऐकलं की पुण्यात कुणी खोली देईना, म्हणून माझ्या वडिलांनी ते टाकलं आणि गावाचं नाव लावलं. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, मी फार्मसिस्ट होऊन इथल्या हॉस्पिटलात आलो. प्रश्न मात्र माझ्या आधीच येऊन बसलेला. "आठवत नाही," असं म्हणून मी खोकं उचललं.

पुढं कळलं, की आमच्या इथल्या मराठी मंडळातले एक डॉक्टर हेच मिस्टर फ्रँकलिन यांचेही डॉक्टर. याच डॉक्टरांनी दिवाळी फराळाला मला "कुठले वडगावकर तुम्ही?" असं विचारलं होतं आणि मी चकली आणायच्या निमित्तानं सटकलो होतो. आता मला सगळा उलगडा झाला. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला माझ्या मागं लावलं होतं!

मग मी म्हाताऱ्यावर नजर ठेवली. ते पोस्टमनला आडनाव विचारत, कचऱ्याचे डबे न्यायला येणाऱ्यांना विचारत. एकदा टाउनसेंड नावाचा प्लंबर आला तर त्याला दारातच धरून म्हणाले, "नाऊ देन, टाउन्स एंड, म्हणजे तुमचं घर गावाच्या पार टोकाला!" बोलायला लागताना 'नाऊ देन', म्हणजे आपलं 'हं, तर मग', म्हणायची त्यांना सवय होती. प्लंबर हसला. गावाच्या टोकाला घर असण्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला पडद्याआड उभं राहून कळेना. पण म्हातारा सगळ्यांनाच छळतो, एवढी खात्री पटली. संशय थोडा उतरला. पूर्ण सोडायला मी काही साधू नाही.

एका उन्हाळ्यात मीच त्यांना गाठलं. अगदी मंडळाच्या सुरात विचारलं, "कुठले फ्रँकलिन तुम्ही?"

त्यांचा चेहरा इतका फुलला, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी सांगितलं, की हे आडनाव दर्जावरून पडलेलं. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आलं. स्वतःची जमीन कसणारा, कुणा जमीनदाराचा बांधील नसलेला, म्हणजे मोकळा, पण सरदारही नसलेला माणूस म्हणजे फ्रँकलिन. आधी ते नुसतं ओळखीपुरतं म्हणत, मग मुलांना आणि नातवंडांना चिकटलं.

"म्हणजे तुम्ही वरचे," मी म्हणालो.

"नाऊ देन. असं म्हणतं कोण? माझा पूर्वज कदाचित फ्रँकलिनच्या घरी घोडे धूत असेल. किंवा उगाच तोरा मिरवायचा म्हणून लोकांनी चिडवलं असेल. आडनाव आपण घेत नाही, शेजारी देतात." मग कात्री मिटत म्हणाले, "आणि सगळं गाव मोकळं असतं तर एकालाच मोकळा कशाला म्हटलं असतं?"

त्यांच्या बहिणीनं घराण्याचं चिन्ह छापलेला कॉफीचा मग त्यांना भेट दिला होता. त्यात ते टूथब्रश ठेवत. "ज्याला आपल्या घराण्यात राजा सापडतो," ते म्हणत, "त्यानं पुढं शोधणं थांबवलेलं असतं."

माझी मुलगी रमा सोळा वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेत आपल्या आडनावावर बोलायचं होतं. ती अर्थातच त्यांच्याकडे पळाली आणि मी तिच्यामागं. आम्ही बौद्ध आहोत एवढं तिला माहीत होतं. त्याआधीचं मी सांगितलं नव्हतं. इथं जन्मलेल्या पोरीला ते शिवू नये, एवढीच माझी धडपड. मी पोचलो तेव्हा मिस्टर फ्रँकलिन नेमके विचारत होते, "आणि गावात घर कुठं होतं?"

रमा माझ्याकडे वळली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, आपला घर गावात कुठे होता?"

मी सटकायला निमित्त शोधू लागलो. मिस्टर फ्रँकलिननी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसाचा चेहराच उतरला. "रमा, थांब," ते म्हणाले. "माझं नाव कुणी विचारलं तर मला काही सोसावं लागत नाही. म्हणून मी बिनधास्त विचारत आलो. तुझ्या वडिलांना सांगायचं नसेल तर नको."

नको म्हणायची मोकळीक मला आजवर कुणी दिली नव्हती. मी सांगून टाकलं. गावाबाहेरची वस्ती, वडिलांची पुण्यातली वणवण, आणि वडिलांनंतर आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते जुनं आडनाव. मिस्टर फ्रँकलिन एवढंच म्हणाले, "तेही शेजाऱ्यांनीच दिलेलं." रमा रडत भांडली, "सो मेनी इयर्स, बाबा! मला का नाही सांगितलंस?"

गेल्या हिवाळ्यात मिस्टर फ्रँकलिन गेले. अंत्यविधीनंतरच्या चहाला मंडळातले ते डॉक्टरही होते. हळूच माझ्याजवळ सरकून म्हणाले, "वडगावकर, तुमचं विचारायचं राहूनच गेलं. गावात नेमकं घर कुठं तुमचं?"

मी इकडंतिकडं पाहिलं. चकली नव्हती.

"गावाच्या बाहेर, काका," रमा म्हणाली. तिनं शांतपणे त्यांच्या कपात दूध ओतलं. "नाऊ देन. तुमचा घर कुठे होता?"

डॉक्टर म्हणाले, "आमचं... म्हणजे तसं..." आणि चहा ढवळू लागले. मी सवयीनं कुंपणापलीकडच्या माणसाला शोधलं. हे ऐकायला ते हवे होते.