थांबजो गा
आमच्या वऱ्हाडातल्या कारंज्याच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला कोकणातल्या त्या ट्रायथलॉनमधली धाव आठवते. विहिरीत पोहायला शिकलेला मी समुद्रातून कसाबसा बाहेर आलो होतो, सायकलही संपवली होती, आणि किनाऱ्याने पळणं तेवढं उरलं होतं. एका अंगाला सुरूचं बन, दुसऱ्या अंगाला लाटा, पण धुकं इतकं दाट की दोन्ही नुसती ऐकू येत होती. पिंढऱ्यांत गोळे आले होते. तेवढ्यात मागून हाक आली, "थांबजो गा, मी येऊन राह्यलो." बोली आमची, वऱ्हाडी, आणि आवाज बाबांचा. बाबा तर आदल्या उन्हाळ्यातच वारले होते. मी थांबणारच होतो, पण लहानपणी अंधारात ओलिताला जाताना त्यांनीच मला बजावलं होतं, "एका हाकेले ओ देऊ नोको. आपलं माणूस असन तं दुसरी हाक मारतेच." म्हणून मी ओ दिली नाही, वळूनही पाहिलं नाही, फक्त कान मागे ठेवून पाय ओढत राहिलो. शर्यत संपते तिथं पाणी देणाऱ्या मुलीला विचारलं, माझ्या मागे कोण होतं? ती म्हणाली, "तुम्हीच शेवटचे." आता संध्याकाळी वावराच्या रस्त्याने पळताना मी मधूनच हळू होतो. दुसरी हाक अजून आलेली नाही. पण कोकणातून कारंजा लांब आहे, आणि बाबांची चाल पहिल्यापासून सावकाशच.