अमिनामावशीचा हलका हात

दवाखान्यात औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात, किस्से मात्र साठतच जातात! लढाईच्या आधी मी लोणावळ्यात रेल्वेवाल्यांच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्यातले निम्मे किस्से एकट्या धोंडिबाचे.

धोंडिबा यार्डात सांधेवाला, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. बारा-बारा तास उभा राहून पाय सुजून खांब झालेले. डॉक्टरसाहेबांनी छाती तपासली, लघवी तपासली, काही सापडेना. म्हणाले, "पाय वर करून पडून राहा."

"सायेब, मग सांधं कोन बदलनार?"

शेवटी साहेबांनी सुईण अमिनामावशीला बोलावलं. बाळंतिणींच्या पायांची सूज उतरवण्यात तिचा हातखंडा. घोट्यापासून वर, अगदी अलगद हात फिरवायची. धोंडिबा पडला तालमीतला गडी. त्याला हे चोळणं वाटेचना.

"मावशी, पाय चोळताय का माशा हाकताय?"

"गप पड! मला काय कनिक मळायचीय व्हय?"

तरी पठ्ठ्या गुपचूप तालमीत गेला आणि वस्तादाकडून तासभर पाय रगडून आला. दुसऱ्या दिवशी पाय दीडपट! मावशी एवढंच म्हणाली, "वस्ताद जितला. तू हरलास!"

मग मात्र तो मुकाट्यानं मावशीपुढे पडू लागला. आठवड्याभरात पायातलं पाणी उतरायला लागलं. पण उतरलेलं पाणी जाणार कुठं? एकदा गाडी सिग्नलला शिट्ट्या मारतेय आणि धोंडिबा करवंदीच्या जाळीमागून चड्डी सावरत पळत येतोय! गार्ड खवळला.

"मावशीला इचारा! तिनं हात फिरवला की लय येळा पळावं लागतंय!"

आणि मग वरचे मोठे साहेब तपासणीला आले. ते नडगीवर अंगठा दाबत. खड्डा राहिला म्हणजे सूज, आणि सूज म्हणजे नोकरी गेली, क्वार्टर गेलं. धोंडिबाची बायको गंगू बाहेर पायरीवर बसलेली.

साहेबांनी अंगठा दाबला, उचलला. खड्डा नाही! "पास!" मला इतकं हायसं वाटलं, की मी स्टुलावर बसूनच घेतलं.

धोंडिबाचे रेल्वेनं दिलेले बूट सुजलेल्या पायांच्या मापाचे. आता ते पायात राहीनात. आनंदाच्या भरात ते तिथंच टाकून तो अनवाणी बाहेर धावला. कामावरून काढलेल्या माणसाचे बूट आधी जमा करून घेत, हे सगळ्या लाइनीला ठाऊक. गंगूनं त्याचे उघडे पाय पाहिले आणि पायरीवरच हंबरडा फोडला.

"आगं, रडतीस काय! बूट हायेत आत, माजं पायच ल्हान झालं!"