सुट्टीच्या भागातला हात

चेनमावशीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळून बघायचीसुद्धा नाही. कामावर सगळे तिला चेनमावशीच म्हणायचे, कारण अठरा वर्षं तिने एकच चेन लावली आणि काढली, ती लोकऱ्याच्या पाठीवरची. लोकऱ्या म्हणजे टीव्हीवर दर आठवड्याला लागणाऱ्या जादूच्या राज्याच्या मालिकेतला डोंगरावरचा केसाळ राक्षस. मालिकेत राजपुत्र आले नि गेले, राणी तीनदा बदलली, चेटकीण तर दुसऱ्या वाहिनीवर जाऊन सोज्वळ सासू झाली, पण लोकऱ्या तोच राहिला. पोरं टीव्हीसमोर ठाण मांडून बसायची ती त्याच्यासाठी.

आणि त्या लोकऱ्याच्या पोटातला माणूस? तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. त्याला सगळे 'आतला' म्हणायचे. "आतला आला का?" "आतल्याने चहा घेतला का?" अंगाने काटकुळा, स्वभावाने गरीब. राक्षसाचा आवाज दुसऱ्याचा, चेहरा स्पंजाचा, याचं नाव शेवटच्या यादीत खालून चौथं, तेही वाचेपर्यंत जाहिरात सुरू. "मी काय बाई, लोकऱ्याकडे भाडेकरू आहे," असं म्हणून हसायचा. चेनमावशीला त्याचा हा गरीबपणा अजिबात आवडायचा नाही. ती त्याच्या वाटचं भांडून घ्यायची. थंड पाणी, जास्तीचा टॉवेल, बसायला पंख्याखालची खुर्ची. तिच्या जिभेला इतकी धार होती की दिग्दर्शकसुद्धा तिच्याशी बोलताना आधी घसा साफ करायचा.

पोशाखाचं वजन सव्वीस किलो. स्पंज, त्यावर कापड, त्यावर लोकर. डोकं वेगळं, ते मानेशी चार हुकांनी अडकवायचं. बाहेरचं दिसायचं ते राक्षसाच्या उघड्या तोंडातल्या जाळीतून, तेही समोरचं तेवढंच. आतून ओरडलं तर कोणाला ऐकू जायचं नाही. पहिल्याच वर्षी मावशीने स्वतः आत शिरून बेंबीच्या देठापासून बोंब मारून पाहिली होती. शेजारी दिवे लावणाऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणून तिने खूण ठरवली. उजवा हात सरळ डोक्याच्या वर, पंजा उघडा. हात वर झाला की कॅमेरा चालू असो नाहीतर आभाळ कोसळो, ती धावत जाऊन चेन उघडणार. आणि घोळ नको म्हणून दुसरा नियम केला. गोष्टीत लोकऱ्याचा हात खांद्याच्या वर म्हणून जायचा नाही. तलवार अडवायची तर छातीशी. झाडावरचं फळ हवं तर झाड हलवायचं. नवा लेखक आला की मावशी त्याला कोपऱ्यात गाठायची, "बाबा रे, काय वाटेल ते लिही, त्याचा हात तेवढा खाली ठेव." अठरा वर्षांत नऊ वेळा तो हात वर झाला आणि नऊही वेळा तिने मिनिटाच्या आत त्याला बाहेर काढला.

मावशी एकटी. लॉन्ड्रीच्या वरच्या एका खोलीत राहायची. कपडे शिवता शिवता या कामाला लागली आणि इथेच म्हातारी व्हायला आली. रविवारचं जेवण मात्र आतल्याच्या घरी. त्याच्या बायकोला ती वहिनी म्हणायची, वहिनी तिला ताई. त्यांची मुलगी चालायला लागली तीच मावशीचं बोट धरून. रक्ताचं कोणी नसलेल्या बाईला हे घर म्हणजे सगळं काही होतं, हे तिलाही माहीत होतं नि त्यांनाही.

मग आला तो सुट्टीचा भाग.

वर्षाच्या शेवटी, शाळांना सुट्टी लागली की मालिकेचा एक लांबलचक खास भाग दाखवायचे. त्या राज्यात एक विसाव्याचा दिवस असतो. त्या दिवशी कोणी शस्त्र उचलत नाही, बर्फ पडत असतो, आणि डोंगरावरचे राक्षस खाली उतरून माणसांच्या पंगतीला बसतात. पडद्यावर छान दिसतं हो! पण दाखवायचं वर्षाअखेरीला म्हणजे शूटिंग भर उन्हाळ्यात. बर्फ म्हणजे कागदाचा भुगा आणि फेस. तो उडतो म्हणून पंखे बंद, वारा येतो म्हणून दारं बंद. पत्र्याच्या त्या शेडमध्ये बाहेर बसलेल्या माणसाच्या पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या. आत असलेल्याचं काय होत असेल ते सांगायला नको.

लेखकाने शेवट लिहिला होता असा. विसावा संपतो, पंगतीत त्याच्याशेजारी बसलेली छोटी मुलगी घरी निघते, आणि लोकऱ्या आयुष्यात पहिल्यांदा हात उंच करून तिला निरोप देतो.

मावशी कागद घेऊन तरातरा दिग्दर्शकाकडे गेली. "हे चालणार नाही."

"मावशी, अख्खा भाग या एका हातासाठी आहे," दिग्दर्शक म्हणाला. "आजपर्यंत त्याने हात कधी वर केला नाही, म्हणूनच तर लोक रडतील."

आता बोला! जो नियम माणसाच्या जिवासाठी केला, त्याचीच यांनी गोष्ट केली. मावशी आणखी भांडली असती, पण आतलाच मध्ये पडला. "जाऊ दे ना ताई. अठरा वर्षं हात खाली ठेवून खांदे आखडले माझे. एकदा करू दे की." त्याच्या तोंडावर असा काही आनंद होता की तिला नाही म्हणवेना. मग दोघांनी त्या दिवसापुरती नवी खूण ठरवली. त्रास झाला तर सरळ फतकल मारून खाली बसायचं. दोनदा करून पाहिलं. तो बसला, तिने चेन उघडली. दोघं हसले.

दुपारचे अडीच वाजले होते. दोनदा शॉट फसला. एकदा मुलगी अडखळली, एकदा बर्फाचं यंत्र फुरफुरून बंद पडलं. तिसऱ्यांदा सगळं जुळलं. मुलगी चालत गेली. लोकऱ्याने हात वर केला, थोडा वेळ धरला, खाली आणला. कागदावर होतं ते एवढंच. मावशी पुढे सरकली, तेवढ्यात हात पुन्हा वर गेला. मावशीच्या मनात आलं, आज स्वारी रंगात आली आहे! ती त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती, कारण खूण बसायची होती. गुडघे ताठ होते. दिग्दर्शकाने बोटाने सगळ्यांना गप्प केलं आणि कॅमेरावाल्याला चालू ठेव म्हणून खुणावलं. हात खाली आला. मग तिसऱ्यांदा वर गेला, अगदी सावकाश, कोपर थरथरत. मेकअपवाली हुंदका दाबत होती. मावशीचेही डोळे भरून आले. तिला त्याचा अभिमान वाटला, अहो, अभिमान वाटला तिला! आणि लोकऱ्या झाड पडावं तसा तोंडावर पडला.

चार हुक निघायला किती वेळ लागतो ते मावशी झोपेतही सांगू शकली असती. चेन ओल्या लोकरीत अडकली, ती तिने दाताने ओढली. आतला तापलेल्या तव्यासारखा गरम होता आणि शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात तो गेला. शुद्धीवर आलाच नाही.

त्याला दवाखान्यात नेलं त्याच रात्री तिला कळलं. जीव घाबरला की माणसाला दोन दिवसांपूर्वी शिकलेलं आठवत नाही, अठरा वर्षांचं आठवतं. तो बसला नाही, कारण बसायचं हे त्याच्या डोक्यातून पार उडालं होतं. त्याने जे नेहमी केलं तेच केलं आणि तिची वाट पाहिली.

कंपनीचे दोन साहेब चौकशीला आले. "ठरलेली खूण त्यांनी केली का?"

"तो बसला नाही," मावशी म्हणाली. शब्दन्‌शब्द खरा होता. साहेबांनी लिहून घेतलं की मृताने कोणतीही खूण केली नाही, आणि तोच कागद वहिनीच्या घरी गेला.

त्या कागदाने घराची दशा केली. वहिनीला दुःख करायलाही राग आडवा यायचा. "एवढा कसला हट्ट? बसायला काय झालं होतं या माणसाला? शूटिंग बंद पडलं असतं, दिग्दर्शक ओरडला असता, त्याहून काय? दाढ दुखली तरी सांगायचे नाहीत, तसंच मरणही सांगितलं नाही." मुलगी पंधराची. तिने बापाचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात टाकला. "बाबांना आमच्यापेक्षा तो शॉट मोठा वाटला," म्हणाली आणि नंतर बापाचं नाव काढलं नाही. मावशी दर रविवारी हे ऐकायची आणि घास गिळायची. सात महिने. खरं सांगितलं तर हे दार आपल्याला बंद होईल, या भीतीने तिची जीभ उचलायची नाही. एरवी एवढी तोंडाळ बाई, पण याबाबतीत भित्री निघाली, काय करणार.

सुट्टीचा भाग लागला त्या संध्याकाळी वहिनीने तिला बोलावून घेतलं. एकटीने बघवणार नाही म्हणाली. मुलगी आतल्या खोलीत दार लोटून अभ्यासाला बसली. दोघी पलंगाच्या कडेला टेकल्या. पडद्यावर बर्फ पडत होता, राक्षस पंगतीला बसले होते. शेवटी ती छोटी मुलगी घरी निघाली आणि लोकऱ्याने हात वर केला, अगदी सावकाश.

मावशीने कोपर पाहिलं. थरथरत होतं. पहिला हात भागातून काढून टाकला होता, दुसराही काढून टाकला होता. तिसरा चांगला वठला म्हणून तो ठेवला होता मेल्यांनी.

"बघा ताई," वहिनी कोरड्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्याच्या पोरीसाठी हात बरोबर वर झाला. आपल्या पोरीसाठी मात्र एकदा खाली बसवलं नाही."

"वहिनी, टीव्ही बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणते ना!"

वहिनीने बंद केला. मावशीने सांगितलं. हात तीनदा वर झाला, पहिला कागदावरचा, पुढचे दोन त्याचे. ती जुनी खूण होती. मी गुडघ्यांकडे बघत राहिले. सांगताना ती रडली नाही. रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

वहिनीने बंद टीव्हीकडे बोट केलं. "म्हणजे आत्ता मी बघितलं ते..."

"हो. तो शेवटचा."

"त्यांनी बोलावलं होतं तुम्हाला."

"बोलावलं होतं. दोनदा."

"आणि सात महिने तुम्ही इथे बसून माझ्या तोंडून त्यांना शिव्या ऐकल्यात. माझ्या हातचं जेवलात."

"हो."

आता हाताला धरून बाहेर काढेल, असं मावशीला वाटलं. तिने पिशवी उचललीही. पण वहिनीने आतल्या दाराकडे तोंड करून मुलीला हाक मारली.

"मला नाही बघायचं ते," आतून उत्तर आलं.

"बघायचं नाहीये. ऐकायचंय. ये इकडे."

मुलगी आली आणि दारातच थांबली. वहिनी मावशीकडे न बघता म्हणाली, "ताई, उठा. तिच्यासमोर उभं राहून सांगा. पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका."

मावशी उठली. मुलीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाळा," ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला दोनदा हाक मारली होती."