पार्सलकाकूंची पारदर्शक पिशवी

पार्सलकाकूंनी तीस वर्षं कापडाच्या एका मोठ्या दुकानात पार्सलं बांधली. कागदाची घडी घालायची, दोरा दोनदा फिरवायचा, गाठ मारायची आणि उरलेलं टोक दाताने तोडायचं. मालकाने दिलेली कात्री शेवटपर्यंत कोरी राहिली. काकू निवृत्त झाल्या, त्यांचे हात काही झाले नाहीत. शेजारणीची उसनी साखर परत आली तरी अशी बांधून यायची, की ती डब्यात ओतावी की कपाटात जपून ठेवावी हेच घेणारीला कळू नये.

त्यांचे यजमान म्हणजे सावधान सर. शाळेत कवायत शिकवायचे. गल्लीतल्या आज चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या पुरुषांचे कान त्यांनी पिळलेले आहेत, आणि अजूनही सरांचं नाव निघालं की त्या मंडळींची पोटं आपोआप आत जातात. दोन वर्षांपूर्वी सरांची डावी बाजू गेली. काकूंनी गल्लीला सांगितलं, "कंबर धरलीय." खरी गोष्ट अशी, की सर अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना मोठ्या माणसांचे डायपर लागत होते. जीभ थोडी वळायला लागल्यावर सरांनी पहिलं वाक्य जुळवलं ते हेच: "खाली कळता कामा नये."

काकूंनी शब्द दिला. आमच्या गल्लीत असा शब्द पाळणं म्हणजे थट्टा नाही. इथे कुणाकडे नवा पडदा आला तर तो दांडीवर चढायच्या आत त्याचा भाव तिसऱ्या घरी पोचलेला असतो.

पण काकूंकडे तिजोरी होती. तिजोरी म्हणजे हातगाडीवरून कचरा नेणारी बाई. कचरा कुणाला द्यायचा हे तेव्हा ज्याचं तो ठरवायचा. कुणी तिजोरीला द्यायचं, कुणी कोपऱ्यावरच्या दोघा भावांना, कुणी स्वतःच उचलून कुंडीपर्यंत न्यायचं. तिजोरी रोज तीन मजले चढून यायची आणि एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरी कधीच बोलायची नाही. बायकांनी कमी प्रयत्न केले नाहीत. "काय गं, त्या वरच्यांकडे एवढ्या बाटल्या कशाच्या?" तिचं उत्तर एकच: "जड होत्या." सरांचे डायपर काकू वर्तमानपत्रात बांधायच्या, ती न बघता उचलायची. डॉक्टर सोडले तर घराबाहेर हे ठाऊक असलेली ती एकटी.

आणि मग नगरपालिकेला स्वच्छतेचा झटका आला. अख्ख्या वॉर्डाचा कचरा एकाच ठेकेदाराला, आठवड्यातून दोनदा, खाली येऊन घंटागाडीत. दुसऱ्या कुणाला दिलात तर गुन्हा. आणि पिशवी पारदर्शकच हवी, वर घराचा नंबर चिकटवलेला. आत काय आहे ते दिसलं पाहिजे म्हणे!

काकू वॉर्ड ऑफिसात गेल्या. टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेला कारकून होता.

"आमची बाई आम्ही निवडलीय," काकू म्हणाल्या. "बारा वर्षं येतेय. तिच्याबद्दल तक्रार आहे का कुणाची?"

"तक्रारीचा प्रश्न नाही, काकू. कचरा घरात असेपर्यंत तुमचा. उंबऱ्याबाहेर आला की नगरपालिकेचा."

"मग त्यावर नंबर माझा कशाला?"

"जबाबदारी तुमची ना."

"म्हणजे माल तुमचा आणि नाव आमचं! बरं, पिशवी काळी चालेल?"

"नाही. पारदर्शकच." कारकून हसला. "लपवण्यासारखं काही नसेल तर बिघडतं काय?"

काकूंनी त्याच्या टेबलाकडे बोट केलं. "तुमच्या या ड्रॉवरला कुलूप कशाला मग?"

"ते ऑफिसचं आहे."

"आणि माझं घरचं आहे!"

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिजोरी त्याच संध्याकाळी जिन्यात भेटली. "माझी गाडी उचलून नेऊ म्हणालेत," एवढंच बोलून ती निघून गेली. चार दिवसांत काकूंच्या गॅलरीत पुडक्यांचा ढीग झाला. सर खिडकीशेजारच्या पलंगावरून त्या ढिगाकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे.

पाचव्या दिवशी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाची सूनबाई वर आली. सात महिन्यांच्या बाळाची आई. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "काकू, ते माझ्याकडे द्या. बाळाच्या डायपरमध्ये खपून जातील."

काकूंनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली. "तुला कसं कळलं?"

"माझ्या घरात हाच वास असतो. मला नाही कळणार?"

"कुणाला बोललीस?"

"नवऱ्यालाही नाही. त्याला अजून बाळाचे कळत नाहीत!"

दोन आठवडे खपले. तिसऱ्या मंगळवारी घंटागाडीबरोबर मुकादम आला. सकाळची आठची वेळ, सगळी गल्ली पिशव्या घेऊन उभी. मुकादमाने सूनबाईची पिशवी उचलून उजेडात धरली.

"बाळ केवढं आहे?"

"सात महिन्यांचं."

"दाढी वगैरे करतं का?"

लोक हसले. हसायला काय लागतं? सूनबाई मान खाली घालून उभी.

"दुसऱ्याचा कचरा आपल्या नावावर देणं गुन्हा आहे. कुणाचा ते सांगा, नाहीतर तुमच्यावर नोंद करतो."

सूनबाईने ओठ मिटले ते मिटलेच. मुकादमाने पेन काढलं.

काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. गप्प राहिल्या असत्या तर शब्द टिकला असता आणि पोरगी अडकली असती. त्या पुढे आल्या. "माझ्या घरचा आहे."

इथे तरी थांबावं की नाही? पण अंगात कायदा संचारलेला माणूस थांबत नाही. मुकादमाने यादी काढली, घराच्या नंबरापुढे बोट फिरवलं आणि सरांचं नाव, आडनावासकट, मोठ्याने वाचत लिहायला घेतलं: "वापरलेले प्रौढ डायपर. नग चार." आवाज तिसऱ्या मजल्याला सहज ऐकू जावा असा.

हसणं बंद झालं. काकूंनी त्याच्या वहीवर हात ठेवला. "नाव खोडा."

"सरकारी कामात अडथळा आणताय."

"आणतेय. माझं नाव घाला, गुन्हा माझ्यावर घाला. त्यांचं खोडा."

आणि मग गल्लीने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. कुत्र्यांचं भांडणही शेवटपर्यंत बघणारी माणसं, पण एकेकाला एकदम कामं आठवली. कुणाचं दूध गॅसवर होतं, कुणाला ऑफिसला उशीर झाला होता. कान पिळून घेतलेला किराणावाला तर शटर अर्धवट टाकून आतच गेला. वरच्या खिडक्या लागल्या. रस्त्यावर उरले मुकादम, काकू, सूनबाई आणि स्टिअरिंगवर कंटाळलेला ड्रायव्हर. बघणारं कुणी नसलं की मुकादमाचा आवाजही निम्मा होतो.

"खोडा ना साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "अजून सहा गल्ल्या आहेत."

मुकादमाने खोडलं. नोटीस मात्र वहीतून फाडून काकूंच्या हातात दिली.

काकू वर आल्या. सर छताकडे बघत होते. खिडकी उघडीच होती. काकूंनी नोटीस उशाशी ठेवली, खाली बसल्या.

"चार म्हणाला?" सरांनी जड जिभेने विचारलं.

"हो."

"पाच होते. मोजताही येत नाही लेकाला."

काकू आधी हसल्या. मग पदर तोंडावर धरून किती तरी वेळ रडल्या. सरांनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी काकू वॉर्डाच्या हद्दीबाहेर चालत गेल्या आणि तिजोरीला शोधून काढलं. "उद्यापासून ये. आठ वाजता, सगळ्यांसमोर."

"गाडी नेतील."

"गाडी आणूच नकोस. पोतं आण."

ती आली. त्या आठवड्यात दुसरी नोटीसही आली. काकूंनी शाईच्या पेनाने उत्तर लिहिलं: "माझ्या घरातून जे बाहेर जातं ते कुणाच्या हातात द्यायचं, हे मी ठरवणार. सुनावणीला बोलवा, मी हजर आहे." आणि स्वतः घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या.

"ठेवून जा," कारकून म्हणाला. "बघू."

"पोच द्या. सही, शिक्का."

"साहेब जेवायला गेलेत. दोन तास लागतील."

काकूंनी भिंतीकडची खुर्ची ओढून थेट त्याच्या टेबलासमोर मांडली. "लागू देत. यांचं सगळं बदलून आलेय, आणि आज त्यांच्याजवळ सूनबाई बसलीय."